डिस्कपर्यंत न पोचलेलं

११ जाने.
वही घेतली दिवाळीत, लिहायला बसलो आज. रोज काहीतरी निघायचं. नाही निघालं तर मी काढायचो. असो.

सध्याचा मुक्काम राजाजीनगर, अक्कांच्या घराची वरची खोली. भाडं नाही. त्याबदल्यात डबा चालता ठेवायचा. डबा म्हणजे घरातला सर्व्हर. अक्कांच्या मुलाने, श्रीनाथने, कॅनडाला जायच्या आधी स्वतः जोडलेला. दोन जुन्या हार्ड डिस्क, एक पंखा. माझ्या उशाशीच असतो. डिस्क फिरायला लागल्या की खोलीत कुणी डाळ भरडतंय असं वाटतं.

१३ जाने.
अक्का टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेल्या. दु. जेवण झालं की फोन तोंडाशी धरून मुलाशी बोलतात. पलीकडे मुलगा नसतो. रेकॉर्ड होतं आणि आपोआप डब्यात जाऊन पडतं. कोपऱ्यावरचं झाड तोडलं, अमकीकडे बारसं, गॅसवाला आलाच नाही.

विचारलं, सरळ फोनच का नाही करत?
"त्याला माझा फोन बेड." बेड म्हणजे नको, एवढं कन्नड आता कळतं. "लग्न करून बायकोला घेऊन आला, मी दारातनंच परत पाठवलं दोघांना. हे सुम्ने, उगाच, बोलून ठेवते रे तम्मा. ऐकेल तेव्हा ऐकेल."

अक्कांचं मराठी तीनशे वर्षांपूर्वी इथे आलं. माझं सप्टेंबरात.

१७ जाने.
जुनं रेकॉर्डिंग उघडायला फार वेळ लागतो, अशी अक्कांची तक्रार. डिस्क आधी जागी होते, मग शोधते. उपाय: एसएसडी, म्हणजे न फिरणारी झटपट डिस्क, लावायची, मधला साठा म्हणून.

जे. पी. नगरला एकजण जुनी विकत होता. निघालो. स्टँडवर देवनहळ्ळीची बस उभी दिसली, रिकामी, खिडकी मिळत होती. बसलो. किल्ल्याच्या भिंतीवर संध्याकाळपर्यंत. खाली शेतं, शेतात प्लॉटचे दगड. एक पपनस घेऊन परत. एसएसडी उद्या.

अक्का: "गेलास एक आणायला, आणलंस चकोता. सरी, असू दे. सोल आता."

१९ जाने.
लावली. नवीन काही आलं की आधी एसएसडी पटकन ठेवून घेते, मग फुरसतीने डिस्कवर हलवते. हलवायचं काम रोज पहाटे होतं. तेव्हा डिस्क जाग्या होतात आणि मीही. म्हणून महिन्यातून एकदा करून टाकलं.

अशा कामाला एकीच्या भरवशावर राहू नका, दोन लावा, असं सगळीकडे लिहिलेलं. वाचलंही. मग कुणीतरी जुन्या रेडिओच्या खोक्यात सर्व्हर बसवला होता ते सापडलं. त्यात दुपार गेली.

२२ जाने.
डिस्क झोपलेल्या. खोली गप्प. वाटलं होतं छान झोप लागेल.

दिवसभरात कुणाशी बोललो ते मोजायला लागलो, मग सोडून दिलं. चालू आहे ना बघायला म्हणून अक्कांचं कालचं उघडलं. लगेच सुरू झालं, मधे क्षणही नाही. "जेवलास का रे?"
हो म्हणालो. मोठ्याने. एकटाच.

२७ जाने.
डब्याच्या नोंदी बघत होतो. कुठल्या फाइल जास्त मागितल्या जातात, तेवढंच बघायचं होतं. अक्कांच्या रेकॉर्डिंगपाशी थांबलो. रोज सकाळी, आपल्या सकाळी, म्हणजे तिकडे संध्याकाळ, कुणीतरी बाहेरून आदल्या दिवशीचं उघडतं. पूर्ण ऐकतं. झाड तोडल्याचं तर चारदा ऐकलंय.

खाली गेलो. अक्का शेंगा सोलत होत्या.
"अक्का, कॅनडातून ऐकतंय कुणीतरी."
"थट्टा बेड."
"नोंद आहे. रोज ऐकतात."
हातातली शेंग तशीच. मग म्हणाल्या, "आता तू ऐकायचं नाही. कोण ऐकतंय ते बघायचंही नाही. सरी?"
सरी म्हटलं.

१ फेब्रु.
अक्का हल्ली दार लावून बोलतात. दु. खालून आवाज येतो, शब्द येत नाहीत. बाहेर येतात तेव्हा तोंड धुतलेलं असतं.

मी नोंदी बघितल्या नाहीत. एकदा बोट गेलं होतं.

९ फेब्रु.
जेवायला खाली बोलावलं. बिसीबेळे. वाढता वाढता म्हणाल्या, "सगळं बोलले रे. त्याच्या बायकोचं नाव घेऊन बोलले. चुकलं म्हणाले. चाळीस वर्षं लोकांच्या लायनी जोडल्या, हे एक वाक्य नव्हतं येत." मग, "उत्तर नाही अजून."
"येईल."
"आता चेंडू त्याच्याकडे. मी परत नाही म्हणायची. एकदा म्हणायलाच किती वर्षं लागली."
ताटातलं संपवलं. आणखी मागितलंही. आईकडे शेवटचं कधी जेवलो ते

१३ फेब्रु.
करंट गेला, आला, परत गेला. डबा सुरू केला तर एसएसडीच दिसेना. केबल बदलली. दुसऱ्या मशीनला लावून बघितली. नाही.

हिशोब साधा आहे. १९ जाने.च्या आधीचं सगळं डिस्कवर आहे. नंतरचं एकही डिस्कपर्यंत पोचलं नाही, कारण मला झोपायचं होतं. फोनवरही नाही. फोन भरतो म्हणून डब्यात पोचलं की तिथून पुसायचं, हेही मीच लावून दिलं. बाहेरून ऐकायची सोय एसएसडीवर, कुणी काय ऐकलं त्याच्या नोंदीही तिथेच. म्हणजे अक्का जे बोलल्या ते कुणी ऐकलं की नाही, हेसुद्धा आता कळणार नाही.

१४ फेब्रु.
दुकानात दाखवली. दुकानदार म्हणाला, आगल्ला. होणार नाही. दुसरीकडे गेलो, तिथेही तेच, फक्त हिंदीत. मग उगाच मेट्रोने शेवटच्या स्टेशनापर्यंत आणि परत.

अक्कांनी विचारलं, चालू आहे ना? स्वल्प काम चाललंय म्हणालो. त्या आजही बोलल्या फोनमध्ये. तेवढं फोनवर राहिलंय.

१८ फेब्रु.
बॅग भरली. ही माझी जुनी पद्धत. कुठूनही निघताना मी कुणाला सांगत नाही. मैसूरची बस सकाळी असते.

पण अक्का उत्तराची वाट बघणार. त्याने ऐकलं आणि गप्प बसला, असं धरून बसणार. कदाचित कायमचं.

बॅग तशीच ठेवून खाली गेलो. सांगितलं सगळं. हलवायचं काम बंद का केलं तेही.
अक्कांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग, "म्हणजे त्याच्यापर्यंत गेलंच नाही?"
"माहीत नाही. गेलंही असेल."
"एक्स्चेंजात असं झालं तर आम्ही दोन्हीकडे सांगायचो, लाइन तुटली म्हणून. एकाला तरी कळायला पाहिजे रे."
"तुम्ही परत बोला. मी आज नवीन लावतो, दोन लावतो."
"नाही जमायचं." मग म्हणाल्या, "जेवून जा."
निघालोय हे कसं कळलं, विचारलं नाही.

२१ फेब्रु.
गेलो नाही. दोन एसएसडी लावल्या, सारख्या, एकीत जातं ते दुसरीतही. हलवायचं काम परत रोज पहाटे. डिस्क फिरतात तेव्हा उठून बसतो. अक्का फोन हातात घेत नाहीत. दुपारी टीव्ही.

२४ फेब्रु., दु.
अक्का आत झोपल्यात. फाटक वाजलं म्हणून मी गेलो. टॅक्सी, मोठी बॅग, एक बाई. एकटी. मराठी बोलली. वेगळ्याच चालीचं, पण शब्द सगळे अक्कांचे.
"अक्का बऱ्या आहेत न रे? स्वल्प पाणी दे."
कोण म्हणून विचारलं.
"श्रीची बायको. त्याने एकही नाही ऐकलं. ऐकत होते ती मी. मधेच बंद पडलं, मग रोज उघडून बघायची. मला वाटलं, अक्कांना काही..."
पायरीवर बसली. उंबऱ्याच्या बाहेर.

शेवटचं कुठलं ऐकलं तुम्ही, हे जिभेवर होतं. विचारायचं की नाही. पाणी आणायला आत आलोय, ओट्याशी उभ्याने लिहितोय. अक्का जाग्या झाल्यात. आतून विचारतायत, कोण आलंय रे.