राजाची बाग आणि आईची पिशवी

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग घालण्याइतके गुडघे आता वाकत नाहीत, तेव्हा बसल्या जागेवरून घातलेला गोड मानून घे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींनी मीठ खरंच कमी केलंय, की फक्त तुझ्यासमोर? आम्ही दोघी सुखरूप आहोत, म्हणजे आई सुखरूप आहे आणि मी आहे. फोन न करता पत्र लिहितेय, कारण खोली एकच आहे आणि आईचे कान अजून विशीतले आहेत.

तू मला ज्या कामगिरीवर धाडलंस ती पुरती फसली. बाबांनी आईला जन्मभर कबूल केलेलं हे डोंगरातलं शहर तिला दाखवायचं, राजाराण्यांच्या बागा, थडगी, किल्ला सगळं हिंडवायचं, आणि ती खुशीत आली की हळूच म्हणायचं, आता बाबा नाहीत, एकटी राहू नकोस, घर विकू या, तू ताईकडे राहा. गिऱ्हाईक थांबलंय, मान्य. पण तुला हे सोपं वाटतं याचं कारण एकच, तू इथे नाहीस.

पहिल्या दिवशी टप्प्याटप्प्यांची ती जुनी बाग पाहिली. वरून खाली पाणी खळाळतंय, मधे कारंजी, मागे बर्फाचे डोंगर. माणसं आ वासून उभी होती. आईने डोंगरांकडे एकदा पाहिलं, नको त्या वेळी आलेल्या पाहुण्यांकडे पाहावं तसं, आणि खाली वाकली. पर्समधून ओला रुमाल निघाला, प्लास्टिकची पिशवी निघाली (घरून आणली होती, ताई! म्हणजे बेत आधीचा) आणि राजाच्या वेलीची फांदी कट्‌कन मोडली. मागून घेतलेली फांदी जगत नाही, चोरलेली जगते, हे तिचं शास्त्र तुला ठाऊकच आहे. बाबा गेल्यापासून तिने एका कुंडीला हात लावला नव्हता, म्हणून मला आधी भरून आलं. मग शिपाई दिसला आणि भरून आलेलं सगळं ओसरलं.

त्या दिवशी सुटलो. दुसऱ्या बागेत पकडल्या गेलो. फाटकाजवळच्या खोलीत नेलं, तिथे जप्त केलेले चेंडू, एक पतंग आणि चष्मा कपाळावर चढवलेले साहेब होते. ही फांदी कुणी तोडली, असं त्यांनी विचारताच आपल्या जन्मदात्रीने माझ्याकडे बोट केलं. "हिला लहानपणापासून खोड आहे हो. मी सांगून सांगून थकले." साहेबांनी मला, कॉलेजात जाणाऱ्या दोन मुलांच्या आईला, ऐतिहासिक वारसा म्हणजे काय ते समजावून सांगितलं. आई शेजारी बसून मान डोलवत होती. पिशवी तिच्या शालीखाली होती.

घराचा विषय मी काढलाच नाही असं समजू नकोस. राणीच्या थडग्यापाशी काढला, तर म्हणाली, "बोलायला तुला हीच जागा सापडली?" आणि तिथल्या हिरवळीला पाणी कोण घालतं याची चौकशी करायला निघून गेली. मग किल्ल्याच्या बुरुजावर मी हिय्या केला. दाट धुकं होतं, समोरचं काही दिसत नव्हतं, म्हटलं बरंच आहे, तोंड बघावं लागणार नाही. बाबांपासून सुरुवात केली, एकटेपणावर आले, तुझ्याकडच्या रिकाम्या खोलीवर आले, रडले सुद्धा. धुकं विरलं तर शेजारी आई नव्हतीच, दुसऱ्याच कुणाची तरी सासू होती. तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "माझंही असंच गोड बोलून विकलं गं." आई खाली भिंतीच्या फटीतलं नेचं उपटत होती.

आता न्हाणीघरात बादलीत, मगात, साबणाच्या डबीत, सगळीकडे फांद्या आहेत. दात घासायला मला पेला उरलेला नाही. ताई, हे माझ्याच्याने होणार नाही.

तुझी हरलेली,
धाकटी

ता. क. घात झाला. मी पाकीट आणायला खाली गेले तेवढ्यात आईने पत्र वाचलं. रागावली नाही. म्हणाली, "घर विकायचं हेच ना? मग एवढी अडखळतेस कशाला? तिकिटं काढलीत तेव्हाच मला कळलं होतं. ह्या फांद्या कुणासाठी आहेत असं वाटलं तुला? ताईला विचार, तिच्या गॅलरीत ऊन कुठल्या बाजूने येतं." म्हणजे तुझं काम झालं. अभिनंदन.

ता. ता. क. हे ती आंघोळीला गेल्यावर लिहितेय. एवढं बोलून ती फांद्यांचं पाणी बदलत बसली, आणि बऱ्याच वेळाने, माझ्याकडे न बघता तिने विचारलं, "ते लोक आपल्या परसातली विहीर बुजवतील का गं?" तेव्हा ताई, गिऱ्हाईकाला नाही म्हणून कळव, आपण दोघी आळीपाळीने तिच्याकडे जाऊन राहू, भावोजींना मी समजावते. तुझी गॅलरी दक्षिणेला आहे आणि तिथे दिवसभर ऊन असतं हे मला माहीत आहे. पण आईने विचारलं तर सांग, येत नाही. अजिबात येत नाही.