अंगणातल्या अकरा गाड्या

मी, एर्सिलिया कान्तिनी, वय एक्क्याऐंशी, धंदा शिवणकाम, राहणार लिवोर्नो, दुसरा मजला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांच्या मते माझे हृदय कमजोर आहे. बुद्धी शाबूत आहे आणि राग तर चांगला धडधाकट आहे. कोणाचाही दबाव नाही. भाचा रेन्झो याला घर देणारे आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. आमच्या इमारतीच्या सभेत मत माणसागणिक मोजत नाहीत, घराच्या आकाराप्रमाणे मोजतात. माझे घर सर्वांत मोठे. भाडेकरूंना मत नाही, आणि पोरंबाळं सगळी भाडेकरूंचीच. मला सभेचा कंटाळा. म्हणून तळमजल्यावरचे ग्वाल्तिएरो मोकी दरवर्षी कागद घेऊन यायचे. "एर्सिलियाबाई, तुम्ही कशाला जिने उतरता? सही ठोका, तुमच्या वतीने मी हात वर करतो." मी न वाचता सही ठोकत गेले. त्याच सहीच्या जोरावर गाड्यांचा ठराव पास झाला, अंगणात अकरा गाड्या आल्या आणि मुलं खेळायला रस्त्यावर गेली. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरू लोरेदानाची नोएमी, वय वर्षे सात, चेंडूमागे धावताना स्कूटरखाली आली. अजून पाय ओढत चालते. मोकी म्हणतात, "आईबापांनी लक्ष नको ठेवायला?" मेल्या, लक्ष ठेवायला अंगण कुठे शिल्लक ठेवलंस? आणि मी मूर्ख, तुला कागद देत बसले!

२. म्हणून घर, त्याच्या मतासकट, लोरेदानाला. तिने सभेला स्वतः जावे, कोणालाही सही देऊ नये, आणि अंगण मोकळे करण्याचा ठराव मांडावा. बँकेतली शिल्लक रेन्झोला. त्यातून त्याने गाडी ठेवायला दुसरी जागा बघावी, कारण अकरावी गाडी त्याचीच आहे.

३. माझ्या गॅलरीत पडलेले सात चेंडू मी जप्त केले होते, ते कपाटावर आहेत. "आजी, द्या ना हो!" म्हणून पोरं खालून विनवायची आणि मी खिडकी लावून घ्यायची. लाज वाटते. सातही परत करावेत. आठवा मी कात्रीने फाडला होता, त्याऐवजी नवा आणावा. शिलाई मशीन नोएमीला.

४. मोकी यांना काहीही नाही. पूर्ण विचारांती, काहीही नाही.

५. आमच्याकडे प्रेताची वाट कोणी अडवत नाही, मोकीसुद्धा अडवणार नाहीत. माझी शवपेटी अंगणात ठेवावी आणि त्यासाठी सर्व गाड्या सकाळीच बाहेर काढाव्यात. पाद्रीबाबांना दुपारी बाराची वेळ द्यावी. मला नेल्यावर फाटक उघडेच ठेवावे आणि शाळा सुटली की मुलांना आत खेळू द्यावे. संध्याकाळी जो पहिला गाडी आत घालायला येईल, त्याने खाली उतरावे आणि नोएमीकडे बघून स्वतःच्या तोंडाने म्हणावे, "चला, निघा इथून."

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला आमच्या कायद्यात साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

साक्षीदार: ओरेस्ते नान्नी, बेकरीवाले
दीना लुपी, निवृत्त सुईण

सही: एर्सिलिया कान्तिनी (वाचून केली)
लिवोर्नो, १४ मार्च २०१७