उजव्या गालावरचा तीळ

३ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

टपाल तिकिटांच्या छापखान्यात मला पहिल्यांदाच चेहरा कोरायला मिळाला, हे तुम्हाला कळवलं होतंच. चाळीस वर्षं माणसांना नदीपार नेणारी ती होडीवाली. चार महिने तिचा फोटो समोर ठेवून पोलादी ठशावर उलटी कोरते आहे. उलट्याची इतकी सवय झाली की परवा भांगही भलत्याच बाजूला पाडला.

आणि शेवटी घात झाला. काल गालावरचा तीळ तेवढा राहिला होता, तो फोटोत दिसतो त्याच बाजूला कोरून बसले. म्हणजे तिकिटावर डाव्या गालाचा तीळ उजव्या गालावर उमटणार. पंधरा तारखेला साहेब ठसा तपासतील. सांगितलं तर पुन्हा पूर्वीसारखं नुसत्या किनारी आणि आकडे कोरत बसावं लागेल. नाही सांगितलं तर कुणाला कळणार? होडीवाल्या बाई गेल्या, मागे एक बहीण तेवढी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मन म्हणतंय.

मामीला नमस्कार. रागवायचं तर रागवा, पण उत्तर लवकर धाडा.

तुमची भाची

८ फेब्रुवारी

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर मामीचं, बोल माझे. चष्मा दुरुस्तीला टाकला आहे.

ठसा अजून भट्टीत घालून कडक केलेला नाही ना? मग घाबरू नकोस. तीळ खरवडून काढ. तिथे खळगा पडेल. ठशाच्या पाठीवर बरोबर तीच जागा मापून हलक्या हाताने ठोक, पोलाद वर येईल. घासून सपाट कर आणि गालाच्या रेषा पुन्हा घे. आठ दिवसांचं काम आहे. ते आठ दिवस साहेबांकडून मागून घे, म्हणजे आपोआप सांगणंही होईल.

आता माझं ऐक. मनोऱ्याच्या घड्याळाचं ते तिकीट माझं. त्यात काटे मी सुलटे कोरले आणि छापताना चारचे आठ वाजले. शाळा सुटायची वेळ मी शाळा भरायची करून टाकली. मी गप्प बसलो. कुणाच्या लक्षात आलं नाही, मला बढतीही मिळाली. पण अजून ते तिकीट लावलेलं पाकीट घरात आलं की मी ते पालथं ठेवतो. मामीला आज पहिल्यांदा कारण कळतंय. लिहिता लिहिता हसते आहे.

त्या बहिणीला कळेल गं. बहिणीचा तीळ कुठल्या गालावर होता, हे बहीण विसरत नाही.

तुझा मामा

२६ फेब्रुवारी

तीर्थरूप मामांस,
शि. सा. न. वि. वि.

सांगितलं. साहेब म्हणाले, की आठ दिवस घे, पण ठिगळ दिसलं तर पुढचं वर्षभर नुसते आकडे. ठोकताना दोनदा हातोडी खाली ठेवून जागा पुन्हा मापली. आता ठसा छपाईला गेला आहे. साहेबांना भिंगातूनही काही दिसलं नाही म्हणे, पण माझा जीव टांगणीला आहे. तिकीट निघालं की पहिलं तुम्हालाच लावून पाठवते. तुमची नजर ती तुमची नजर.

आणि चष्मा दुरुस्त व्हायला किती दिवस लागतात हो?

लोभ आहेच, तो चेष्टेने आटू नये.

तुमची भाची

१९ एप्रिल

चि. भाचीबाईस,
अनेक आशीर्वाद.

हे माझ्या हातचं आहे, ओळी वर-खाली होतील. चष्म्याची थाप होती. डोळेच गेले आहेत, उजेड-सावली तेवढी कळते. तुझं काम तपासणारं कुणी उरलं नाही असं तुला वाटू नये, म्हणून बोललो नाही. मामीने समोर बसून लिहायला लावलं आहे.

तुझं पाकीट आलं. कोरलेल्या तिकिटावर शाई उठून येते, ती बोटाला कळते. नख फिरवलं. डाव्या गालावर तीळ लागला. उजव्या गालावर तीनदा फिरवलं, मग मामीकडून नख कापून घेऊन नुसतं बोट फिरवलं. रेषांमागून रेषा, कुठे अडलं नाही. फार बरं वाटलं, पोरी.

पाकीट टेबलावर उताणं ठेवलं आहे.

तुझा मामा