कानाच्या पाळीइतकं मऊ

जामनगर,
३ फेब्रुवारी

ति. आईस,
योगेशचा सा. न.

फोनवर तुझं अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. योगिनी वाचून दाखवील. तिला हसू नको म्हणावं.

इथल्या पितळेच्या कारखान्यात आम्ही नाशिककडची अकरा पोरं. मेसचा आचारी पळाला. मला नागलीची भाकरी येते, असं मी उगाच बोलून बसलो. ठेकेदार महेशभाऊ म्हणाले, बावीस तारखेच्या रविवारी सगळ्यांना करून घाल. जमली तर मेस तुझी, नाय तर परत पॉलिशच्या मशीनवर. त्या धुळीला मी लय वैतागलोय. परत तिथं बसवलं तर ही चौथी नोकरीपण सुटली समज.

काल एक भाकरी करून बघितली. वाईट झाली. काय चुकलं ते कळव.

माया असू दे, शिव्या जरा कमी.
तुझा योगेश

हरसूल,
१० फेब्रुवारी

चि. योगेशला अ. आ.

आई सांगतेय, मी योगिनी लिहितेय. हसणं संपवून मगच पेन हातात घेतलं.

आई विचारते, वाईट म्हणजे कशी? भरभरीत झाली असेल तर पाणी नीट उकळलं नव्हतं. चिवट असेल तर तवा थंड होता. आत गिच्च राहिली असेल तर घाई केलीस, आणि ती तू केलीच असशील. एवढी वर्षं माझ्या हातचं खाल्लं आणि तुला दोनच शब्द येतात, मस्त नाय तर वाईट!

आता ऐक. उकळत्या पाण्यात पीठ घाल, झाक, मग तळव्यानं जोर लावून मळ. रवाळ लागतंय तोवर थांबू नको. कानाच्या पाळीइतकं लुसलुशीत झालं की थापायला घे. कप-वाटीचं माप विचारू नको, ते आईला ठाऊक नाय.

आणि दादा, चौथी नोकरी टिकव. आई रोज पोस्टमनची वाट बघते.

तुझी योगिनी, आईच्या आशीर्वादासह

जामनगर,
५ मार्च

ति. आईस सा. न., योगिनीला टपली.

पहिली भाकरी भरभरीत होती, आता कळलं. आमच्या कारखान्यात खरखरीत आणि गुळगुळीत एवढंच चालतं. तुझे बाकीचे शब्द मी मेसच्या भिंतीवर कोळशानं लिहिले.

त्या बावीसच्या रविवारी पीठ मळलं आणि कान चाचपला. माझा तर गुरुजींनी पिळून पिळून निबर केलेला. शेजारच्या खाटेवरच्या पुंजाचा खडबडीत. सगळ्या पोरांचे बघितले, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाय. मग महेशभाऊ खाटेवर झोपलेले दिसले. काय कान, आई! मऊ, लोंबता. एका हातात पिठाचा गोळा, दुसऱ्या हातात त्यांचा कान, मी डोळे मिटून दाबत बसलो. डोळे उघडले तर त्यांचेपण उघडे.

गेली नोकरी, असं वाटलं. काय चाललंय विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी गोळा माझ्याकडून घेतला, आपला दुसरा कान दाबून बघितला आणि म्हणाले, अजून मळ.

भाकऱ्या अशा झाल्या की टोपली रिकामी होईतो कोणी उठलं नाय. मेस मिळाली. मी आता इथून हलत नाय.

फक्त रोज सकाळी परातीसमोर रांग लागते. ज्याला जशी भाकरी पायजे, तसा तो कुणाचातरी कान ओढून आणतो. कामाला उशीर होतो म्हणून महेशभाऊ लय ओरडतात, आणि रांगेत पहिले तेच उभे असतात.

दोघींनी आठवण ठेवा, उत्तर लांबलचक लिहा.
तुमचा योगेश