हात उंचावलेल्या बाईच्या चित्राची व्यवस्था

मी, कपितोलिना येगोरोव्हना सुखारेवा, वय ऐंशी, पूर्वी कारखान्याच्या प्रचार कक्षात घोषणालेखिका, आता पेन्शनर, राहणार मॉस्को, सामायिक बिऱ्हाड क्रमांक सात, दारातून आत येताच डावीकडची दुसरी खोली, आपल्या राजीखुशीने लिहून ठेवते की, माझ्यामागे माझ्या वस्तूंचे आणि माझ्या नावाचे काय करायचे ते येथे सांगितल्याप्रमाणे व्हावे. माझे गुडघे गेले आहेत, डावा डोळाही गेल्यात जमा आहे. डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझ्या मुलाला त्याबद्दल शंका आहे.

कलम एक. माझी खोली आणि स्वयंपाकघरातल्या माझ्या हक्काच्या दोन शेगड्या माझा मुलगा वादिम याला द्याव्यात. तो खोली विकणार हे मला ठाऊक आहे. खुशाल विकावी. फक्त घेणाऱ्याला आधी सांगावे की खिडकीजवळची शेगडी खोलीबरोबर येते, शेजारीण झोया पेत्रोव्हना काहीही म्हणो.

कलम दोन. आयुष्यभराची शिल्लक ब्याण्णव साली महागाईने खाल्ली आणि उरल्यासुरल्यात एक बूटजोड आला. त्यानंतर जे काही साठले ते माझ्या अंत्यविधीला लावावे. थडग्याशी भाषण करू नये. अशी भाषणे मी दुसऱ्यांसाठी खंडीभर लिहून दिली आहेत, त्यांत काय असते ते मला माहीत आहे. शेवटी सर्वांना गरम पॅनकेक आणि थोडी व्होडका मिळावी, आणि ती आमच्याच बिऱ्हाडातल्या रशीदने वाटावी, कारण त्याचा हात समान चालतो.

कलम तीन. निळे इनॅमलचे मोठे पातेले शेजारीण झोया पेत्रोव्हना हिला. कोबीच्या लोणच्यावर ठेवायचा माझा दगड तिने नेला तो नेलाच. दगडाशिवाय ते पातेले उपयोगाचे नाही, तेव्हा दोन्ही एका घरी नांदोत.

कलम चार. हे मोठे आहे. वादिमने बसून वाचावे.

माझ्या कपाटात पत्र्याचे अक्षरांचे साचे आहेत. या साच्यांनी मी कारखान्याच्या फाटकावर, सभागृहावर आणि मिरवणुकीतल्या लाल कापडांवर घोषणा उमटवल्या. नोकरीभर हेच काम केले आणि चोख केले. एके दिवशी साचे जागेवर नव्हते. दोन दिवसांनी होते, आणि मी धुते त्याहून स्वच्छ धुतलेले होते. त्याच आठवड्यात संडासाच्या दारावर लाल कापड लागले: "नागरिकहो, दिवा मालवणे ही उद्याची हमी!" माझीच अक्षरे, माझेच अंतर, उद्गारचिन्हसुद्धा माझ्यासारखेच थोडे तिरके. दिवा मालवा म्हणून नऊ वर्षे मी चिठ्ठ्या लावत होते आणि कोणी ढुंकून पाहत नव्हते. त्या दिवसापासून लोक दिवा मालवू लागले.

हा उद्योग शेवटच्या खोलीत राहणाऱ्या ग्लेब लुनिन या चित्रकाराचा आणि त्याच्या पाच-सहा मित्रांचा होता. ते स्वतःला 'स्वयंपाकघर मंडळ' म्हणवत. सरकारी पोस्टर जसे असते अगदी तसे काढायचे, आणि वीराच्या जागी आमच्या बिऱ्हाडातले कोणी उभे करायचे, ही त्यांची रीत. उंदीर मारणाऱ्या मांजराच्या छातीवर त्यांनी पदके लावली. कोबीच्या सूपाच्या पातेल्यावर फलक टांगला: "काल होते, आज आहे, उद्याही असेल!" त्या वेळी मी त्यांना नाही नाही ते बोलले. फुकटे म्हणाले, साचेचोर म्हणाले. आज कायद्याच्या कागदावर लिहिते की ती पोरे फार गुणी होती. आमच्या प्रचार कक्षात सगळे पेंगत काम करत. मी जे लिहिले ते वर्षानुवर्षे लाखो लोकांच्या डोक्यावर फडफडले आणि कोणी वाचले नाही. वाचले ते या पोरांनी. मन लावून वाचल्याशिवाय अशी नक्कल साधत नाही.

पंचाहत्तर साली त्यांनी स्वयंपाकघरात एका दिवसाचे प्रदर्शन भरवले. जिन्यापर्यंत रांग लागली. मधोमध पुरुषभर उंचीचे चित्र होते: हातात ओगराळे घेतलेली, हात उंचावून दूर क्षितिजाकडे बोट दाखवणारी बाई. ती मी. गॅस कोणी उघडा टाकला हे विचारताना मी तशीच उभी राहत असे. मागे सूर्य उगवत होता, वाऱ्याने एप्रन फडफडत होता, आणि चेहऱ्यावर तो भाव होता जो चौकाचौकातल्या पुतळ्यांवर असतो.

कोणीतरी चुगली केली. दुसऱ्या दिवशी जिल्हा कचेरीतून चामडी बॅग घेतलेला एक इसम आला. ग्लेबला त्याने खोलीत बसवून ठेवले आणि मला चित्रासमोर उभे केले. सोव्हिएत नागरिकाची बदनामी झाली असा जबाब त्याने आधीच लिहून आणला होता. मी सही करायची तेवढी बाकी होती. सही झाली असती तर ग्लेबची खोली गेली असती, मॉस्कोत राहण्याचा परवाना गेला असता, आणि त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकले असते. तशी दोन पोरे त्याच वर्षी गेली होती.

"बाई, हा तुमचा अपमान आहे, कळतंय ना?" तो म्हणाला.

मी म्हणाले, "कसला अपमान? मी अशीच उभी राहते."

"ते तुम्हाला हसतायत."

"यात हसण्यासारखं काय आहे, साहेब? तुम्ही दाखवा, मग मी सही करते."

तो चित्राकडे बघत राहिला. उंचावलेला हात हास्यास्पद आहे असे म्हणावे, तर साऱ्या देशातले उंचावलेले हात त्याच ओळीत बसले असते. आणि ते त्याला स्वतःच्या अक्षरात लिहावे लागले असते. घाम पुसत त्याने विचारले, असले चित्र काढायला सांगितले कोणी.

"मी सांगितलं. आठ मार्चच्या महिला दिनाची भेट म्हणून. हात जरा लांब झालाय, पण पोरगा शिकतोय अजून."

सभांमध्ये तासन्‌तास बसून मी एक चेहरा कमावला होता. त्यातून आतले काही दिसत नसे. तोच चेहरा मी लावून उभी राहिले. तो इसम बॅग उचलून गेला. भेट म्हटल्यावर चित्र माझ्या खोलीत लावणे भाग होते. ते अजून तिथेच आहे.

त्या संध्याकाळी ग्लेब केक घेऊन आला. म्हणाला, "कापा मावशी, तुम्ही आम्हाला वाचवलंत, आणि तुम्हाला पत्ताही नाही." मी म्हणाले, "पुढच्या वेळी हात नीट काढ." मला सगळे कळते असे त्या वेळी दिसले असते तर मी त्यांच्यातली ठरले असते, मग माझा शब्द कोणी धरला असता? मी मूर्ख असण्यातच सर्वांचे भले होते. अठ्ठ्याहत्तर साली ग्लेब परदेशी गेला, न्यू यॉर्कला मोठा झाला. बरे झाले. पण प्रत्येक मुलाखतीत तो भोळ्या शेजारणीची गोष्ट सांगतो, जिला ते चित्र आपला गौरव वाटले. प्रेमाने सांगतो, म्हणून जास्त लागते.

आता संग्रहालयाला चित्र हवे आहे. अलिसा नावाची चांगली मुलगी येऊन गेली. चित्राखाली लावायचा मजकूर तिने मला वाचून दाखवला: "चित्रातील स्त्रीला विनोद कळला नव्हता." मी म्हणाले, कळला होता. ती माझा हात थोपटत म्हणाली, "आजी, त्यातच तर सारी गंमत आहे." वादिमही तेच म्हणतो. "आई, तेव्हा तुला कळलं नाही, आणि आता वयामुळे तू काहीतरी जुळवतेस." पोटच्या पोराकडून हे ऐकून मला फार वाईट वाटले. म्हणून पुरावा जोडते.

सोबत कारखान्याच्या वार्तापत्राचे कात्रण आहे, मे एकोणीसशे सत्त्याहत्तर. त्यात फाटकाचे छायाचित्र आहे. फाटकावर, पार या खांबापासून त्या खांबापर्यंत, माझ्या साच्यांनी लिहिले आहे: "काल होते, आज आहे, उद्याही असेल!" वर्षाची घोषणा म्हणून ती मी सुचवली. तीन समित्यांनी मंजूर केली. काय असेल, हे कोणीही विचारले नाही. एका साहेबाने तर 'आशावादी आहे' असा शेरा मारला. महिनाभर हजारो माणसे कोबीच्या सूपाखालून कामावर गेली. ग्लेबच्या मंडळाने जे काही केले ते चार भिंतींत केले. उघड्यावर, सरकारी खर्चाने आणि सरकारी शिक्क्यानिशी झालेले त्यांचे एकच काम, आणि ते मी केले. ग्लेबने ते पाहावे असे मला फार वाटत होते. रोज वाटे की आज जाईल त्या बाजूने. तो महिना संपेपर्यंत गेला नाही, आणि तोंडाने सांगण्याची सोय नव्हती.

तेव्हा व्यवस्था अशी. साचे ग्लेब आर्काद्येविच लुनिन याला पोचते करावेत, आता चोरायची गरज नाही. सोबत या कलमाची नक्कल द्यावी. चित्र संग्रहालयाला फुकट द्यावे, मात्र शेजारी हे कात्रण तेवढ्याच उजेडात लावावे, आणि मंडळाच्या सदस्यांची नावे जिथे लिहितील तिथे माझेही लिहावे. 'चित्राचा विषय' म्हणून नव्हे. सदस्य म्हणून. संग्रहालयाला हे मान्य नसेल तर चित्र स्वयंपाकघरात टांगावे आणि त्याला वाफ लागू द्यावी.

याशिवाय माझे कोणाकडे काही मागणे नाही.

सही: क. ये. सुखारेवा

साक्षीदारांचे निवेदन. आम्ही, झोया पेत्रोव्हना मालाखोवा आणि रशीद इल्यासोविच गालिमोव्ह, दोघेही याच बिऱ्हाडातले रहिवासी, लिहून देतो की वरील मजकूर बाईंनी स्वतः आमच्यासमोर मोठ्याने वाचला. तीन समित्यांच्या ओळीशी त्यांना हसू आवरेना, म्हणून वाचन दोनदा थांबवून पाणी द्यावे लागले. चाळीस वर्षे आम्ही एका स्वयंपाकघरात वावरलो, पण त्यांना हसताना आजवर कधी पाहिले नव्हते. त्या पूर्ण शुद्धीत आहेत.

सही: झो. पे. मालाखोवा
सही: र. इ. गालिमोव्ह

मॉस्को, चौदा मार्च दोन हजार सहा