चकचकीत जमीन

प्रिय ताई,

मी ठणठणीत आहे, हे आधी वाच, कारण पुढे नुसता संताप आहे.

मी नाटकात बसवलेला नाच आता सिनेमात घेतायत, हे तुला कळवलं होतंच. तर दिग्दर्शकाला सेटवरची जमीन आरशासारखी हवी, म्हणून तिला पॉलिश फासलं. मी म्हटलं, "यावर माझ्या मुली घसरतील." तर म्हणतो कसा, "बाई, तुम्ही पावलं बघा, जमीन आम्ही बघतो." अगं, पावलं काय हवेत पडतात?

पहिल्याच गिरकीला आमची सगळ्यात जुनी नर्तकी आपटली. घोटा मोडला गं तिचा! आणि हा ओरडतोय, "थांबू नका, नाचत राहा, प्रकाश छान आहे!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सरळ कॅमेऱ्यासमोर फतकल मारून बसले. "जमीन खरवडल्याशिवाय उठणार नाही," म्हटलं. हळूहळू सगळ्या मुली शेजारी येऊन बसल्या. निर्माता आला, हातापाया पडला, मग डोळे वटारले. आम्ही ढिम्म.

शेवटी सुतार आले आणि जमीन खरवडली. मुली आता पडणार नाहीत. मात्र उद्यापासून त्यांना दुसरा मास्तर शिकवणार आहे. नाच माझाच, पण पडद्यावर नाव त्याचं. निर्लज्ज मेले!

जखमी पोरीला आज दवाखान्यात भेटले. ती हसली, मलाच रडू आलं.

आईचा खोकला कसा आहे? तिला एवढंच सांग, की काम लवकर आटोपलं. आणि माझी गादी जरा उन्हात टाकून ठेव.

तुझी,
अजून धुमसणारी धाकटी