ओठ दिसतील असा दिवा

३ मार्च, मंगळवार

गच्चीत अंधार पडला की आमचं बोलणं बंद! हिला ऐकू येईनासं होऊन दीड वर्ष झालं. ओठ वाचते. दिवसा झकास चालतं. पण संध्याकाळी वाऱ्याला बसलो की उजेड जातो आणि मी अर्ध्या वाक्यात थांबतो. गच्चीपर्यंत वायर नेलेली नाही. आज म्हणाली, "अहो, उचलून नेता येईल असा एक दिवा आणा ना. तुमचं तोंड दिसलं पाहिजे."

आणू, म्हटलं. त्यात काय!

५ मार्च

कानाच्या डॉक्टरांचा फोन. हिचेही फोन माझ्याकडेच येतात. ऑपरेशनचा उपयोग होणार नाही, म्हणाले. "नसच निकामी झालीय. ताईंना सावकाश सांगा."

ही समोर मटार सोलत बसलेली. मी पाठ फिरवून बोललो. फोन ठेवल्यावर हिनं विचारलं, "कोण होतं?"

"गिऱ्हाईक. खिडकीची काच बसवायचीय."

ऑपरेशन झालं की पहिल्यांदा नातीचा आवाज ऐकणार, असं ठरवून बसलीय ही. नात दहा महिन्यांची. कसं सांगू? दिवा आला की गच्चीत निवांत सांगेन.

७ मार्च

दिव्यांच्या दुकानातून टांगायचा कंदील आणला, चार्जिंगचा. खुंटीला लावला. उजेड डोक्यावरून — नाकाची सावली थेट ओठांवर. "मिशी आलीय तुम्हाला!" म्हणून हसली.

परत केला. डॉक्टरांचं सांगितलं नाही.

९ मार्च

टेबलावर ठेवायचा, टोपीवाला. हात लख्ख, तोंड काळोखात. परत.

१० मार्च

उन्हावर चार्ज होणारा. तासाभरात मलूल झाला. मला हायसं वाटलं. लिहितानाही लाज वाटतेय.

१२ मार्च

काचेच्या हंडीतली मेणबत्ती. वाऱ्यावर ज्योत हलते, म्हणून मी गप्प असलो तरी ओठ हलल्यासारखे दिसतात.

"काय म्हणालात?"

काही नाही.

"नक्की?"

१४ मार्च

दुकानाच्या मालकीणबाई आज वैतागल्या. "काका, आयुष्यभर काचेचं काम केलंत, उजेडातलं तुम्हाला कळतं. तरी प्रत्येक दिव्यात खोट! दिवा हवाय की नकोय?"

मी मेणबत्तीची हंडी त्यांच्यापुढे सरकवली.

मग त्यांनीच आतून एक काढला. दुधी काच, पिवळसर उजेड, बटण दाबलं की कमी-जास्त होतो, वर धरायला कडी. "समोर ठेवा, छातीच्या उंचीला. डोळ्यांत जाणार नाही, तोंडावर पडेल."

खोट काढायला जागाच ठेवली नाही बाईंनी. घेतला.

१५ मार्च

अजून चार्ज होतोय, असं हिला सांगितलं. सकाळीच झाला होता.

१६ मार्च

दिवा कठड्यावर ठेवला आणि सांगून टाकलं. एकेक शब्द सुटा करून. 'नस' मला दोनदा म्हणायला लावलं. मला वाटलं, कोसळणार आता. तर माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि केवढा तरी श्वास सोडला!

"एवढंच ना? अकरा दिवस धड जेवला नाहीत. मला वाटलं, तुम्हालाच काहीतरी झालंय."